भाताचे वाण जपायचे ते वापरण्यासाठी

रोहिणी नक्षत्र तोंडावर आले की शिराळा तालुक्यात भाताच्या पेरणीची घाई उडते. आभाळात ढगाचा पत्ता नसतो. नांगरून, कुळवून भुसभुशीत केलेल्या कोरड्या मातीत कुरीने भात पेरून शेतकरी पावसाची वाट पाहतो. धूळवाफेवरची पेरणी म्हणतात ती हीच. दाणा तापलेल्या मातीत पाण्याविना पडून राहतो, मृगाच्या सरी आल्या की उगवतो आणि तणाशी झगडत वाढतो. वारणेचे खोरे सोडून कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या पश्चिम भागात गेले की रीत पालटते. तिथे आधी तरवा टाकायचा, मग वावरात चिखलणी करायची आणि मुसळधार पावसात रोपलावण उरकायची. कोरड्या मातीत तग धरणारे बियाणे वेगळे आणि आठवडाभर ऊन पडले नाही तरी करप्याला न दबणारे बियाणे वेगळे. ही निवड कोणा प्रयोगशाळेने केलेली नाही. खळ्यावर चांगली लोंबी बाजूला काढून ठेवणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी ती केली आहे. पण हे वाण कोणते, ते कुठे उरले आहेत आणि त्यांच्यात नेमके काय आहे, हे विचारायला सातारा-सांगलीत आज सामायिक असे ठिकाण नाही. भाताच्या जनुकीय संशोधनासाठी दोन्ही जिल्ह्यांनी मिळून तसे केंद्र उभारायला हवे आणि त्याची आखणी इमारतीपासून न करता देवाणघेवाणीच्या नियमांपासून करायला हवी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

जुन्या वाणांकडे आपण बहुधा हळव्या नजरेने पाहतो. आजीच्या हातचा भात, त्याचा वास, ती चव. ही ओढ खरी आहे, पण संशोधन केंद्रावर सरकारी पैसा खर्च करायचा तर त्याहून भक्कम कारण द्यावे लागते. ते भाताच्याच इतिहासात आहे. १९७०च्या दशकात आग्नेय आशियात तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूने भात खुरटून जाऊ लागला. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातले सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला पुरून उरणारा नमुना निघाला तो एकच, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला ‘ओरायझा निवारा’ हा रानटी भात. खायला, पिकवायला त्याचा काही उपयोग नव्हता. पण त्याचे प्रतिकाराचे जनुक घेऊन घडवलेला ‘आयआर ३६’ हा वाण १९७६ मध्ये आला आणि पुढच्या काही वर्षांत आशियात एक कोटी हेक्टरहून अधिक क्षेत्रावर पसरला. दुसरे उदाहरण ओडिशाचे. तिथल्या एका स्थानिक वाणातून निवडलेला ‘एफआर १३ ए’ पुराच्या पाण्याखाली बुडूनही जगतो, हे १९५०च्या दशकातच माहीत होते. त्यामागचे ‘सब-१ ए’ हे जनुक हाती आले २००६ मध्ये आणि ते घातलेला ‘स्वर्णा सब-१’ भारतातल्या शेतकऱ्याला मिळाला २००९ मध्ये. साधारण दोन आठवडे पाण्याखाली राहूनही हे पीक पुन्हा उभे राहते. मधली पन्नास वर्षे तो वाण कुणीतरी जिवंत ठेवला, त्याचा गुण लिहून ठेवला आणि मागणाऱ्याला त्याचे बी दिले. या तीन गोष्टींतली एक जरी राहिली असती, तरी पुढचे काहीच घडले नसते.

एवढ्या लांब न जाता आपल्या ताटातला भात पाहिला तरी तेच दिसते. पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी शिजणारा इंद्रायणी १९८७ मध्ये वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून प्रसारित झाला. त्याचा एक पालक आंबेमोहर १५७, म्हणजे मावळच्या सुवासिक आंबेमोहरातून निवडलेला शुद्ध वाण. दुसरा पालक आयआर ८, म्हणजे १९६६ मध्ये फिलिपिन्समधून आलेला बुटका वाण. त्या आयआर ८ चा बुटकेपणा तैवानच्या एका जुन्या वाणाकडून आलेला आणि त्याचा दुसरा पालक ‘पेटा’ हा इंडोनेशियात घडवलेला. त्या पेटाच्या घराण्यात तर आपल्या बंगालचा लतिसाल आहे. ज्या भाताला आपण अस्सल आपला म्हणतो, तो चार देशांनी आपापले बी एकमेकांच्या हाती दिल्यामुळे जन्माला आला. आंबेमोहर १५७ कुणी निवडून जपला नसता तर इंद्रायणीला वास मिळाला नसता, आणि आयआर ८ बाहेरून मिळाला नसता तर त्याला उत्पादन मिळाले नसते. जपणूक आणि देवाणघेवाण यांची फारकत केली की दोन्ही वांझ ठरतात.

आता शिराळ्याच्या धूळवाफेकडे या नजरेने पाहू. भूजल खोल गेल्यामुळे पंजाब-हरियाणात चिखलणी आणि रोपलावण सोडून भाताची थेट पेरणी करावी, असा आग्रह गेली काही वर्षे धरला जात आहे. त्यात पाणी वाचते आणि मजुरीही वाचते. अडचण अशी की हरितक्रांतीनंतरचे बहुतेक वाण रोपलावणीसाठी निवडलेले आहेत. थेट पेरणीत खोल पडलेल्या दाण्यातून कोंब वर यावा लागतो, रोपाने सुरुवातीलाच जोर धरून तणाला मागे टाकावे लागते आणि पावसाने ओढ दिली तरी टिकावे लागते. देशभरचे पैदासकार हे गुण शोधत आहेत. शिराळ्यातली शेती नेमक्या याच कसोटीवर पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. मग तिथल्या जुन्या वाणांत हे गुण देणारी जनुके असतील का? शक्यता मोठी आहे. खात्री मात्र तपासल्यावरच होईल. एका प्लॉटमध्ये शिराळ्याचे पाच-पंचवीस वाण आणि शेजारी आजचे प्रचलित वाण कोरड्यात पेरायचे, सारख्या खोलीवर पेरायचे आणि उगवण, रोपांची उंची, तणाचे वजन मोजायचे. या प्रयोगाला परदेशी यंत्रे लागत नाहीत. लागते ते खात्रीचे बी आणि त्या बियाण्याची खात्रीची ओळख. तेच आज मिळत नाही, म्हणून प्रयोग होत नाही.

असे केंद्र याच दोन जिल्ह्यांत का, याचे उत्तर भूगोल देतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. सांगलीत चांदोलीचा ओला डोंगर आणि आटपाडी-जतचे कोरडे माळ एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना आहेत. मधल्या पट्ट्यात, कृष्णेकाठच्या वाळवा-मिरज भागात, अतिपाण्यामुळे क्षारपड झालेल्या जमिनी आहेत आणि अशा जमिनी सुधारताना घेता येण्याजोग्या मोजक्या पिकांत भात आहे. त्याच कृष्णा-वारणेच्या काठाने २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पिके कित्येक दिवस पाण्याखाली पाहिली. पावसाची ओढ, पूर, क्षार, धुके आणि करपा हे सारे काही तासांच्या प्रवासात एकत्र सापडते. भाताचा एखादा वाण पारखायला याहून चांगली प्रयोगभूमी मिळणे कठीण. निसर्गाच्या अशा देणगीचा सामायिक उपयोग करण्याची परंपराही साताऱ्याला आहे. महाबळेश्वरच्या थंड, दमट हवेत गव्हावरचा तांबेरा आपसूक वाढतो. म्हणून तिथे १९४०च्या सुमारास गहू तांबेरा संशोधन केंद्र निघाले आणि देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले गव्हाचे वाण तिथे पारखले जातात. साताऱ्यात गव्हाचे फारसे क्षेत्र नसताना जे गव्हासाठी जमले, ते भाताच्या माहेरी भातासाठी जमायला हरकत काय?

घाई करायला कारण आहे. भाताचे बी काही दगडाचा दाणा नाही. दमट हवेत कणगीत ठेवलेल्या भाताची उगवणशक्ती एक-दोन वर्षांत घसरू लागते. म्हणून जुना वाण टिकतो तो दरवर्षी कुणीतरी पेरतो म्हणून. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने शेत सोडले, मुले पुण्या-मुंबईला गेली, जमीन पडीक राहिली किंवा एका वर्षी दुकानातले बी आणले, की साखळी तुटते. यात दोष कुणाचाच नसतो. कोयना धरणाने शंभरच्या आसपास गावे उठवली. चांदोली आणि कोयनेच्या अभयारण्यांपायी आणखी वस्त्या हलल्या. पुनर्वसन झालेल्या माणसांनी सोबत बी नेले असेल, तरी डोंगरउतारावरचा भात सपाटीच्या कोरड्या गावी किती तगणार? २०२१च्या जुलैत पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या तेव्हा आंबेघरसारख्या वस्त्यांनी माणसे, घरे आणि वावरे एका रात्रीत गमावली. ज्या संकटात माणूस वाचत नाही, त्यात कणगीतले बी कुठून वाचणार? एकाच घरात, एकाच गावात असलेला वाण हा नेहमीच एका अपघाताच्या अंतरावर असतो.

मग केंद्राने करायचे काय? पहिले काम गोळा करण्याचे; पण नुसते पोते भरून आणायचे नाही. प्रत्येक नमुन्याबरोबर गाव, वाडी, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमिनीचा प्रकार, पेरणीची रीत, पक्व व्हायला लागणारे दिवस, शेतकऱ्याने सांगितलेले नाव, भात कशासाठी वापरतात आणि तो वाण त्याने कुणाकडून आणला, हे सारे मराठीत लिहून घ्यायचे आणि त्याखाली देणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने. दुसरे काम टिकवण्याचे. बियाण्यातला ओलावा एका टक्क्याने उतरला किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी कमी केले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, हे बियाणेशास्त्रातले जुने सूत्र आहे. नीट वाळवलेला भात हवाबंद पाकिटात चार अंश सेल्सिअसला ठेवला तर कित्येक वर्षे उगवतो. उणे अठरा अंशांना पिढ्या उलटल्या तरी. दर काही वर्षांनी शंभर-शंभर दाण्यांच्या चार राशी ओल्या कागदात गुंडाळायच्या, चौदाव्या दिवशी कोंब मोजायचे आणि उगवण उतरलेली दिसली की तो वाण शेतात घेऊन नवे बी धरायचे. भात मुख्यतः स्वतःच्याच परागावर पिकतो, त्यामुळे मका किंवा बाजरीच्या मानाने त्याचे वाण शुद्ध ठेवणे सोपे आणि स्वस्त आहे. तिसरे काम वर्णनाचे. वाणांची नोंदणी करणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाच्या निकषांत भाताची साठाहून अधिक लक्षणे ठरवून दिलेली आहेत. पानाचा रंग, कुसळ, लोंबीची ठेवण, दाण्याची लांबी-रुंदी अशी ही लक्षणे शेतात उभे राहूनच टिपावी लागतात. कराडचे कृषी महाविद्यालय, साताऱ्यातली रयत शिक्षण संस्थेची विज्ञान महाविद्यालये, शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग यांच्या विद्यार्थ्यांना पदवीचे प्रकल्प म्हणून याहून सकस काम कोणते देता येईल?

जनुकांचा अभ्यास या तीन कामांच्या पायावर उभा राहतो. भाताच्या बारा गुणसूत्रांतली सुमारे ३९ कोटी अक्षरे वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००५ मध्ये पुरा झाला. त्यात भारताने अकराव्या गुणसूत्राचा एक भाग वाचला. पुढे ८९ देशांतल्या तीन हजारांहून अधिक वाणांचे वाचन झाले आणि ते सर्वांसाठी खुले केले गेले. वाचन आता इतके स्वस्त झाले आहे की नमुना पाठवून ते करून घेता येते. त्यासाठी कराडात किंवा शिराळ्यात महागडे यंत्र मांडण्याची गरज नाही. पण अक्षरांची यादी हाती आली म्हणून गुण कळत नाही. कोणते अक्षर बदलले की दाणा कोरड्या मातीतून वर येतो, हे शेतातल्या मोजणीशी ताडूनच समजते. सुवासाचे उदाहरण घ्या. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की बासमतीसह बऱ्याच सुवासिक तांदळांत आठव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातली आठ अक्षरे गळालेली असतात. त्यामुळे ते जनुक बंद पडते आणि वास देणारे द्रव्य दाण्यात साठते. आपल्या डोंगरातल्या प्रत्येक वासाच्या भाताचे रहस्य हेच, की एखाद्यात वेगळे काही घडले आहे? हा प्रश्न अभ्यासापुरता नाही. मुळशीच्या आंबेमोहराला आणि आजऱ्याच्या घनसाळला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी बाजारात आंबेमोहर म्हणून दुसराच तांदूळ सर्रास खपतो. दाण्याची जनुकीय ओळख नोंदलेली असेल तर भेसळ सिद्ध करता येते. नसेल तर शेतकऱ्याचे मानांकन कागदावर राहते. उद्या पाटण किंवा शिराळ्याच्या एखाद्या वाणासाठी मानांकन मागायचे झाले, तर पहिला पुरावा हाच लागेल.

पहिला आक्षेप साहजिक आहे. दिल्लीत राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरोच्या पेढीत सर्व पिकांचे मिळून साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत, फिलिपिन्सच्या संस्थेकडे भाताचेच सव्वा लाखाहून अधिक आहेत, आणि महाराष्ट्रात कर्जत, वडगाव मावळ, राधानगरी ही भाताची केंद्रे आहेतच. मग आणखी एक कशाला? कारण राष्ट्रीय पेढीचे काम नमुना दीर्घकाळ सुरक्षित ठेवण्याचे आहे. मोरणेच्या किंवा तारळीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने तिथून पसाभर बी मागून आणावे, अशी तिची रचनाच नाही. कर्जत, वडगाव आणि राधानगरीचे मुख्य काम नवे वाण घडवण्याचे आहे आणि ते त्यांनी चोख केले आहे. पण पैदासकार साहजिकच कामाच्या ओळी पुढे नेतो आणि बाकीच्या मागे राहतात. या दोहोंमधली जागा रिकामी आहे. जुळवून घ्यायचे ते असे, की केंद्राने गोळा केलेल्या प्रत्येक नमुन्याची एक प्रत दिल्लीत आणि एक राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे जावी. सीरियातल्या युद्धात अलेप्पोजवळची आंतरराष्ट्रीय बियाणे पेढी हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या भांडारात ठेवलेल्या प्रतींवरून तो संग्रह पुन्हा उभा करता आला. एकाच जागी सर्व ठेवू नये, हा धडा तिथला आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो अधिक जड आहे. हा ऊस, द्राक्ष, हळद आणि सोयाबीनचा मुलूख; भाताचे क्षेत्र डोंगराकडेला आक्रसलेले. जुने वाण उंच वाढतात, लोळतात, उतारा कमी देतात. शेतकऱ्याने ते कशासाठी पेरायचे? उत्तर स्पष्ट आहे. त्याने ते पेरावेत, असा आग्रह कुणी धरू नये. ज्याला इंद्रायणी परवडतो त्याने इंद्रायणीच लावावा. वाण सांभाळण्याचा भार गरीब डोंगरी शेतकऱ्याच्या उत्पन्नावर टाकणे हा अन्याय आहे. केंद्र हवे ते त्याच्या डोक्यावरून तो भार उतरवण्यासाठीच. आणि नगदी पिकांच्या या मुलखाला एका झाडातल्या वेगळेपणाचे मोल सांगायला नको. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळा फुटवा दिसला, त्यांनी तो वाढवला आणि ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्ष राज्यभर पसरले. उसासाठी पाडेगावचे संशोधन केंद्र १९३२ पासून याच सातारा जिल्ह्यात उभे आहे. सांगलीच्या वसंतदादांचे नाव लाभलेली मांजरीची साखर संस्था १९७५ मध्ये सहकारी कारखान्यांनी एकत्र येऊन उभी केली, कारण प्रत्येक कारखान्याने आपापले संशोधन करणे परवडणारे नव्हते. सामायिक केंद्र ही कल्पना या मातीला परकी नाही. भातामागे कारखाना नाही, संघ नाही, म्हणून ती भातापर्यंत पोचली नाही, इतकेच.

तिसरा आक्षेप चोरीचा. वाण एकदा केंद्राच्या हाती गेले की कंपन्या ते उचलतील, पेटंट घेतील आणि मूळ मालकाला काही मिळणार नाही, ही भीती निराधार नाही. भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारियांच्या पुढाकाराने छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून गोळा झालेला हजारो वाणांचा संग्रह रायपूरच्या कृषी विद्यापीठात होता. २००२ मध्ये त्या विद्यापीठाचा एका बहुराष्ट्रीय कंपनीशी करार होऊ घातल्याचे कळताच लोक रस्त्यावर आले आणि करार बारगळला. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून वेगळ्या लोंब्या निवडत ‘एचएमटी’ हा वाण घडवला. तो अनेक राज्यांत पसरला, त्याची शुद्ध केलेली आवृत्ती कृषी विद्यापीठाने प्रसारितही केली. पण श्रेय आणि मोबदल्याचा प्रश्न २०१८ मध्ये दादाजी गेले तेव्हाही सुटलेला नव्हता. या दोन्ही घटना कुलूप लावा असे सांगत नाहीत. वही ठेवा असे सांगतात. दादाजींच्या शेतातून पहिला नमुना निघाला त्या दिवशी कुणी, कधी, कशासाठी नेला याची सही-शिक्क्यानिशी पावती झाली असती, तर वादाला जागाच उरली नसती. कायद्याचा आधारही आहे. २००१च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडविना विकण्याचा हक्क दिला. स्वतःचा वाण आपल्या नावे नोंदवण्याची सोयही केली. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावागावात व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आणली. केंद्राच्या नियमांत हे स्पष्ट लिहावे: कोणत्याही शेतकऱ्याला पेरण्यापुरते बी विनामूल्य, शिक्षण आणि संशोधनासाठी लेखी कराराने, निष्कर्ष परत केंद्राकडे देण्याच्या अटीवर, व्यापारी वापरासाठी गावाच्या समितीला विचारून आणि लाभाचा वाटा ठरवूनच. नियामक मंडळात वाण देणाऱ्या गावांचे प्रतिनिधी निम्मे असावेत. जनुक संपादनाबद्दल मतभेद आहेत. २०२५ मध्ये केंद्र सरकारने संपादित भाताचे दोन वाण जाहीर केल्यावर ते पुन्हा वर आले. त्या वादात कुणी कोणत्याही बाजूला असो, मूळ वाण हाताशी असणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

शेवटचा आक्षेप अनुभवाचा: सरकारी केंद्रे निघतात, कोनशिला बसते, पदे रिकामी राहतात आणि शीतगृहाचे वीजबिल थकते. म्हणूनच इमारतीपासून सुरुवात नको. पहिली दोन वर्षे एक समन्वयक, पाटण आणि शिराळ्यात भाड्याचे एकेक शेत, एखाद्या महाविद्यालयातली वाळवणी आणि काही फ्रीजर, एवढ्यावर काम चालू शकते. गोळा करणे, नोंदणे आणि मागणाऱ्याला देणे या तिन्ही गोष्टी तेवढ्यात जमल्या, तर इमारतीचा प्रस्ताव मांडायला तोंड राहील. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफसारख्या संस्थेच्या साथीने गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भव्य इमारत नव्हती म्हणून ते काम अडले नाही. पैशाचा रस्ताही अगदी बंद नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला पाच वर्षांसाठी सुमारे १७२ कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि स्थानिक पीकवाणांचे बियाणे हा त्याचा एक विषयच आहे. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा नियोजन समित्यांनी आपापला छोटा वाटा घातला, तर या दोन खोऱ्यांचे काम त्या छत्राखाली आणता येईल.

तेव्हा मागणी मोठी नाही, पण वेळेची आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्या, महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि शिवाजी विद्यापीठ यांनी एकत्र बसून देवाणघेवाणीचे नियम आधी ठरवावेत आणि ते पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळा तालुक्यांतल्या ग्रामसभांपुढे मंजुरीला ठेवावेत. त्यानंतर येणाऱ्या सुगीत, भात खळ्यावर असतानाच, नमुने गोळा करायला माणसे बाहेर पडावीत; कापणी उलटली की पुन्हा वर्षभर थांबावे लागते. आणि ज्यांच्या घरी अजून एखाद्या जुन्या भाताचे बी आहे त्यांनी केंद्र निघेपर्यंत एवढे करावे: यंदा ते थोडे तरी पेरावे, त्याचे नाव आणि त्याची माहिती कागदावर लिहून ठेवावी आणि शेजाऱ्याला मूठभर द्यावे. वाण टिकला तरच त्याचे जनुक उद्या कुणाच्या उपयोगी पडेल.